निनावी सायकलपटू-लेखक: हा माणूस कोण असावा?

परळकर

सायकलवर जीव असणाऱ्या आणि वाचणाऱ्या मंडळींना एक प्रश्न आहे.

गेला महिनाभर मी एका इंग्रजी पुस्तकात अडकलोय. लेखक युरोपातला व्यावसायिक सायकलपटू. सगळ्यात वरच्या श्रेणीत बरीच वर्षं काढलेला, तीन-तीन आठवड्यांच्या मोठ्या शर्यती केलेला. पण नाव नाही. देश नाही, संघ नाही, वय नाही. पुस्तकाचं नाव मी इथे मुद्दाम देत नाही, कारण आपण जे अंदाज बांधू ते उद्या त्या नावाने शोधणाऱ्यांसमोर यायला नकोत. ज्यांनी वाचलंय त्यांच्या लक्षात येईलच.

मी मोठा रेसर नव्हतो. नव्वदच्या दशकात दोनदा मुंबई-पुणे केली, आमच्या क्लबाच्या संघातून. दोन्ही वेळा माझं काम एकच होतं: कॅप्टनला वारा लागू न देता खोपोलीपर्यंत आणून सोडायचं. पुढे घाट त्याचा. 'घाटाचा राजा' हा किताब त्याला मिळावा म्हणून आम्ही चौघं पनवेलपासून आळीपाळीने पुढे राहायचो. फ्रेंचमध्ये अशा माणसाला 'डोमेस्टिक' म्हणतात, म्हणजे घरगडी. इटालियन लोक 'ग्रेगारियो' म्हणतात. आमचे कोच सरळ 'पाणक्या' म्हणायचे. त्यांच्या तोंडी त्या शब्दात हिणवणं नसायचं.

तर, हा लेखक पाणक्या आहे अशी माझी पक्की खात्री झाली आहे. संघाच्या गाडीकडून पाणी घेऊन पुन्हा पुढे यायचं म्हणजे काय, ते नुसतं बघून लिहिता येत नाही. जर्सीच्या मागच्या तीन खिशांत बाटल्या, ते भरले की मानेतून पाठीत, मग पुढून छातीशी. गार बाटली पाठीच्या कण्याला टेकली की क्षणभर श्वासच घेता येत नाही. गळ्याशी जर्सीची चेन काचते. आणि हे सगळं अंगावर वागवत शंभर-दीडशे जणांच्या घोळक्यातून वाट काढत पुढे जायचं, तेही घोळका ताशी पन्नासने धावत असताना. आमच्या वेळी जीपमधून मिळायच्या त्या बिसलेरीच्या बाटल्या असायच्या, पण पाठ तीच.

माझी आत्तापर्यंतची चाळणी अशी. वरच्या श्रेणीत अलीकडे साधारण १८ संघ असतात, एकेका संघात पंचवीस ते तीस जण. म्हणजे कुठल्याही एका वर्षी पाचशेच्या आसपास माणसं. त्यातून जिंकणारे, पेपरात फोटो येणारे काढून टाकले तरी तीन-चारशे उरतात. इथून पुढे माझी गाडी अडली आहे.

सकाळी साडेपाचला परळहून निघतो, नरिमन पॉइंटला कट्ट्यावर बसून दहा-बारा पानं वाचतो आणि परत येतो. रोज वाटतं, आज नाव सापडेल.

आणखी एक. २०११ साली मुंबईत परदेशी व्यावसायिकांची शर्यत झाली होती, काहींना आठवत असेल. जिंकला एलिया विवियानी, जो पुढे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवर सुवर्णपदक घेऊन गेला. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. फेब्रुवारीतलंच ऊन, पण ती पोरं लालबुंद झाली होती. एकाने आमच्यासमोरून जाताना स्वतःची बाटली मागच्याच्या हातात दिली, वळूनही न बघता. त्याचा नंबर मी टिपून घेतला नाही. हे पुस्तक वाचताना सारखं वाटतं, तोच नसेल ना हा?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. एकच विनंती: पुराव्याशिवाय कुणाचंही नाव लिहू नका, विशेषतः उत्तेजक औषधांच्या संदर्भात.

---

वाचनवेडी

परळकर, सायकलमधलं मला काही कळत नाही, पण टोपणनावांमागे लागण्याचा आमच्या घरी जुना छंद आहे. 'ललित' मासिकात ठणठणपाळ लिहायचा तेव्हा माझे वडील आणि दादरच्या वाचनालयातले त्यांचे मित्र अंक आला की तासभर हाच खल करायचे. कोणी म्हणे प्रकाशक आहे, कोणी म्हणे प्राध्यापक. निघाले जयवंत दळवी. वडिलांचा नियम मला अजून पाठ आहे: तो कोणाबद्दल लिहितो ते सगळेच बघतात, कोणाबद्दल लिहायचं टाळतो ते बघ. शिवाय मुखवटा घातलेला माणूस कधी कधी स्वतःलाच तिऱ्हाईत म्हणून पानावर आणतो. 'अमुक खेळाडू त्या दिवशी पडला' असं लांबून लिहिलेलं वाक्य असेल, तर त्या पडलेल्या माणसाकडे नीट बघा.

भाषेवरूनही शोधता येतं. २०१३ मध्ये रॉबर्ट गॅलब्रेथ या नावाने आलेली रहस्यकथा जे. के. रोलिंग यांची आहे, हे उघड झालं तेव्हा दोन अभ्यासकांनी संगणकावर शब्दांची लांबी, नेहमीचे बारीकसारीक शब्द वगैरे मोजून पडताळा घेतला होता. माणूस कथानक लपवू शकतो, पण 'आणि', 'पण', 'तर' किती वेळा वापरतो ते त्याचं त्यालाही माहीत नसतं.

मात्र तुमच्या बाबतीत एक मोठी अडचण दिसते. रोलिंगबाईंची आधीची हजारो पानं तुलनेला होती. तुमच्या सायकलपटूच्या काय असतील तर शर्यत संपल्यावर धापा टाकत दिलेल्या मुलाखती. आणि अशी पुस्तकं बहुधा एखादा पत्रकार शब्दांकन करून देतो. मग त्या पानांत लकब सापडेल ती पत्रकाराची. उलट्या बाजूने जा. शब्दांकन कोणी केलं असेल ते आधी शोधा आणि मग त्या पत्रकाराची कोणाशी दोस्ती होती ते बघा.

---

आकडेमोड_अंधेरी

उलट बाजू चांगली आहे, पण सरळ बाजूही अजून संपलेली नाही. सायकलिंगमध्ये प्रत्येक शर्यतीची आरंभयादी आणि निकाल सार्वजनिक असतात. कोण कुठे सुरू झाला, कुठे सोडून दिली, सगळं. त्यामुळे पुस्तकातला एकच अनुभव पकडायचा आणि तारखेला बांधायचा.

उदाहरणार्थ पॅरिस-रूबे. दगडी रस्त्यांची ही शर्यत चिखलासाठी प्रसिद्ध आहे, पण २००२ नंतर पावसात झालेली शर्यत थेट २०२१ ची, आणि तीही कोविडमुळे एप्रिलऐवजी ऑक्टोबरला गेली म्हणून. तेव्हा लेखकाने रूबेच्या चिखलात स्वतः चालवल्याचं लिहिलं असेल, तर तो एक तर बराच जुना आहे किंवा २०२१ ला तिथे होता. मधल्या अख्ख्या पिढीने शर्यतीत तिथे धूळच खाल्ली.

किंवा मार्च २०१३ ची इटलीतली मिलान-सान रेमो शर्यत. टुर्किनो खिंडीत बर्फ पडलं, शर्यत मध्येच थांबवली, सगळ्यांना बसमध्ये बसवून पलीकडे नेलं आणि तिथून पुन्हा सुरू केली. काही जण बसमधून उतरलेच नाहीत. त्या बसमध्ये बोटांना संवेदना नाही आणि बुटाची पट्टी सुटत नाही असं काही कोणी लिहिलं असेल, तर पाचशेचे एकदम दोनशेवर येतो आपण. असे तीन अनुभव मिळाले की यादी हाताच्या बोटांवर.

सुयांवरही बघा. सायकलिंगच्या जागतिक संघटनेने २०११ मध्ये वैद्यकीय गरजेशिवाय सुई टोचण्यावर बंदी घातली. त्याआधी हॉटेलात संध्याकाळी जीवनसत्त्वांची सलाईन लावून पडणं हे सर्रास चालायचं आणि नियमातही बसायचं. ते 'आम्ही' म्हणून लिहिलंय की 'जुने लोक सांगायचे' म्हणून, यावर दहा वर्षांचा फरक पडतो.

---

लालबाग_सायकल_मार्ट

परळकर साहेब, मी तुमच्या शेजारचाच. बावीस वर्षं दुकान आहे, चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढण्यात हयात गेली. पुस्तक मी वाचलेलं नाही, इंग्रजी तेवढं जमत नाही. माझ्या मुलीने तुमचा धागा वाचून दाखवला, आणि हे टाइपही तीच करत्ये. पण रेस मी सगळ्या बघतो, रात्री दोन वाजले तरी.

मी सांगतो ते फक्त मेकॅनिकला दिसतं.

पहिलं. कॅप्टन पंक्चर झाला की पाणक्याने काय दिलं, हे लिहिलंय का? चाक दिलं की सायकल दिली? पूर्वी क्विक रिलीजचा दांडा असायचा. दांडा उलटा फिरवला, चाक बाहेर. दुसरं घातलं, दांडा दाबला, चला. पुढचं चाक असेल तर सवयीचा हात दहा-पंधरा सेकंदांत मोकळा. मग डिस्क ब्रेक आले. २०१५ मध्ये चाचणी सुरू केली, २०१६ च्या रूबेत डिस्कने पाय कापला असं एकाने सांगितलं म्हणून एप्रिलमध्ये थांबवली, २०१८ मध्ये पूर्ण परवानगी दिली. डिस्कच्या सायकलला आरपार आस असतो, तो पिळून पूर्ण बाहेर काढायला लागतो, मग चकती बरोबर फटीत बसवायची. रस्त्याच्या कडेला घाईत हे नकोसं होतं. म्हणून आता जास्त करून सायकलच देतात. तेव्हा लेखक चाक द्यायच्या काळातला की सायकल द्यायच्या काळातला, ते बघा.

दुसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सायकल द्यायची तर उंची जुळली पाहिजे. २०२२ च्या टूर द फ्रान्समध्ये पाचव्या दिवशी विंगगोच्या सायकलची चेन गेली. त्याने संघातल्याच व्हान होयडोंकची सायकल घेतली. तो केवढा उंच! विंगगोचे पाय पॅडलला नीट पोचेनात. ती सोडून दुसरी घ्यावी लागली. ती टूर पुढे त्यानेच जिंकली, पण त्या मिनिटभरात मी दुकानात उभा राहून ओरडत होतो. मुद्दा हा, की संघवाले कॅप्टनच्या मापाचा एक माणूस त्याच्या जवळपास ठेवतात. तुमच्या लेखकाने कधी आपली सायकल दिली असेल आणि कॅप्टन त्यावर पुढे व्यवस्थित गेला असेल, तर लेखकाची उंची तुम्हाला कळली. कॅप्टनांची उंची सगळीकडे छापलेली असते. सीटची उंची, हँडलपर्यंतचं अंतर, बोटभराचा फरक असेल फार तर.

तिसरं. तो घाटाचं वर्णन कुठून करतो? पुढच्या माणसाला घाटात फक्त समोरच्याचं मागचं चाक दिसतं. मागच्या घोळक्यातल्याला, त्याला ग्रुपेटो म्हणतात, घड्याळ दिसतं. विजेत्याच्या वेळेच्या अमुक टक्क्यांत पोचलं नाही तर दुसऱ्या दिवशी घरी. तिथे सगळे संघ एकत्र हिशोब करत चढतात, दुश्मनी नाही. आणि पब्लिक खुर्च्या गोळा करायला लागलेली असते. ज्याने मिनिटांचा हिशोब लिहिलाय तो अंगाने जड आहे, सपाटीवर ओढणारा किंवा स्प्रिंटरचा माणूस. ज्याने चाक लिहिलंय तो हलका, डोंगरातला.

उंची आणि वजन मिळालं की अर्धा माणूस तयार झाला.

---

आकडेमोड_अंधेरी

@लालबाग_सायकल_मार्ट, हे भन्नाट आहे. उंचीचा मुद्दा माझ्या कधी डोक्यात आला नव्हता. तुमच्यावरून मला आणखी एक सुचलं. २०१७ पर्यंत टूर (फ्रान्स), जिरो (इटली), व्हुएल्टा (स्पेन) या तिन्ही मोठ्या शर्यतींत संघात नऊ जण असायचे. २०१८ पासून आठ केले. बावीस संघ धरले तर १९८ चे १७६ झाले. आता हॉटेलात खोल्या दोघा-दोघांच्या. आठ जण म्हणजे चार खोल्या, हिशोब संपला. नऊ म्हणजे एक जण उरतो. त्याला एकट्याला खोली, नाहीतर कुठेतरी तिसरी खाट. लेखकाने एखाद्या मोठ्या शर्यतीत आपण एकटे होतो किंवा तिघं होतो असं लिहिलं असेल, तर ते २०१८ च्या आधीचं असण्याची शक्यता फार आहे.

---

मुलुंडकर

मंडळी, शोध सुरेख चाललाय, पण मला राहवत नाही म्हणून लिहितो. हा माणूस लपला का, याचा विचार आधी करू या.

क्रिस्तोफ बासों या फ्रेंच सायकलपटूचं नाव ऐकलं असेल. १९९९ च्या टूरमध्ये तो स्वतः शर्यतीत असताना एका फ्रेंच दैनिकात रोज स्तंभ लिहायचा, स्वतःच्या नावाने. औषधांशिवाय हा वेग कसा, असे प्रश्न विचारायचा. आल्प द्युएझच्या घाटाच्या टप्प्याच्या दिवशी लान्स आर्मस्ट्राँग त्याच्या शेजारी आला आणि असं बोलायचं असेल तर निघून जा म्हणाला. घोळक्यातलं कोणी त्याच्याशी बोलेना, स्वतःच्या संघातलेसुद्धा. एक-दोन दिवसांत बासोंने टूर सोडली. २०१२ मध्ये आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदं काढून घेतली गेली, १९९९ चं धरून. तोवर बासोंची कारकीर्द कधीच संपलेली होती.

घोळक्यात वाळीत पडणं म्हणजे काय हे इथे ज्यांनी गटाने सायकल चालवली आहे त्यांना कळेल. कोणी वारा अडवत नाही. कोणी फट सोडत नाही. दोनशे किलोमीटर एकट्याने.

तुमच्या लेखकाने काही गौप्यस्फोट केलाय की नाही मला माहीत नाही. पण खोलीतल्या जोडीदाराच्या सवयींबद्दल, डॉक्टरांबद्दल, पैशांबद्दल लिहायचं आणि पुढच्या हंगामात त्याच लोकांसोबत चालवायचं, तर नाव झाकावं लागतं. आपण पाच जणांनी परळ, अंधेरी, लालबागला बसून ते उघडं केलं, तर त्यात आपल्याला काय मिळणार? चाळणी लावा, वर्षं काढा, उंची काढा. शेवटच्या तीन-चार नावांवर आलात की थांबा, एवढंच म्हणणं आहे.

---

वाचनवेडी

मुलुंडकर, +१. वडिलांना दळवींचं नाव कळलं तेव्हा ते थोडे खट्टू झाले होते, हे मला आज आठवलं. दोन दिवस वाचनालयात गेले नाहीत.

---

परळकर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचत होतो, तुमच्या डोळ्यांनी.

आकडेमोड, तुमची पद्धत वापरून मी सत्तेचाळीस जणांपर्यंत आलो आहे. ठोकताळा आहे, चुकू शकतो. मालक (लालबागवाले), तुमच्या उंचीच्या मुद्द्यामुळे त्यातले पंधरा गळले. मुलीला सांगा, टायपिंग उत्तम आहे. पुढच्या रविवारी दुकानावर येतोच, मागच्या चाकाचे दोन स्पोक ढिले झालेत.

पण या यादीतच मला काहीतरी खटकायला लागलंय. निकालांच्या पानावर मी शोधतोय तो माणूस असणार कसा? तिथे लिहिलेलं असतं एकशे बारावा, एकशे चाळिसावा, किंवा 'शर्यत सोडली'. त्या एकशे चाळिसाव्याने दिवसभरात किती वेळा पाणी आणलं, किती किलोमीटर वारा खाल्ला, कोणासाठी थांबला, याला रकानाच नाही. पुस्तकात मला जो माणूस भेटतो तो सगळाच्या सगळा त्या न लिहिलेल्या भागातला आहे. माझी चाळणी लावून मी त्याला त्याच कागदावर शोधतोय, ज्यावर तो कधी नव्हताच.

चाक की सायकल, असं मालकांनी विचारलं. पुस्तकातलं सांगण्याआधी माझं सांगतो. दुसऱ्या वर्षी खोपोली गाव ओलांडलं आणि कॅप्टनच्या पुढच्या चाकाची हवा गेली. घाट समोर दिसत होता. आमची जीप मागे कुठेतरी ट्रकांत अडकलेली. मी उतरायच्या आतच दांडा उलटा केला होता. त्याचं चाक मी काढलं, माझं त्याने लावलं, एक धक्का दिला आणि तो गेला. त्याने मागे वळून बघितलं नाही, बघायचं नसतंच. मी एका हातात चपटं चाक आणि दुसऱ्या हातात पुढच्या चाकाविना उभी सायकल धरून थांबलो. एक एक करून सगळे पुढे गेले. जीप आली तेव्हा वीस मिनिटं झाली असतील. नवं चाक लावून एकटाच घाट चढलो. शिंग्रोबाच्या देवळापाशी टेकलो. खिशात आठ आणे होते, ते टाकले. तिथे एक ट्रकवाला म्हणाला, "तुमचे लोक तर कधीच गेले." मी म्हटलं, "हो, माझं चाक पण गेलं पुढे."

कॅप्टन त्या दिवशी घाटात तिसरा आला. माझ्या नावापुढे निकालात काही नाही.

पुस्तकात चाकही आहे आणि सायकलही आहे, मालक. म्हणजे दोन्ही काळ बघितलेला माणूस आहे.

मुलुंडकर, तुमचं ऐकलं. बत्तीस नावांची यादी वहीत आहे, तिथेच राहील. यापुढे इथे नाव कोणी टाकू नये, टाकल्यास संपादकांनी काढून टाकावं. फक्त एका गोष्टीचा नाद सुटत नाही. आकडेमोड, ते नऊ जणांच्या खोल्यांचं. पुस्तकात एके ठिकाणी तिसरी खाट आहे, खिडकीखाली, इतकी आखूड की पाय बाहेर राहतात. कोणत्या शर्यतीतलं ते हॉटेल असेल याचा कोणाला पत्ता लागला, तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.